तारीख बाकी, पण औषध बिघडलं: चूक कुठं शोधायची

पाकिटावर तारीख पुढच्या वर्षाची, आणि गोळी मात्र पिवळी पडलेली, फुगलेली, नाहीतर बोटात धरताच भुगा होणारी. कराडला औषधाच्या दुकानात बसलं की ही तक्रार दरवर्षी येते आणि हंगामाप्रमाणे दिशा बदलून येते. जून ते सप्टेंबर ती पाटण, हेळवाक, कोयनानगरकडून येते. मार्च ते मे दहिवडी, म्हसवड, वडूजकडून. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर, त्यामुळे औषध बिघडायची कारणंही दोन टोकांची. पश्चिमेला ओल, पूर्वेला ऊन. ‘कंपनीचा माल खराब’ असं म्हणून मोकळं होण्याआधी काय तपासायचं, ते इथे लिहितो.

आधी तारखेचं बोलू, कारण बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. एक्सपायरी म्हणून महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरायचं. पण ही तारीख अटीवर दिलेली असते. अट त्याच पाकिटावर बारीक अक्षरात असते: 30 अंशांखाली ठेवा, 25 अंशांखाली ठेवा, 2 ते 8 अंशांत ठेवा, ओल आणि उजेडापासून दूर ठेवा. कंपनी औषध तिच्या मूळ पॅकिंगमध्ये ठरावीक तापमानाला आणि दमटपणाला महिनोन्‌महिने ठेवून तपासते. शिवाय 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता अशा कडक परिस्थितीत सहा महिने ठेवून बघते. त्यातून तारीख निघते. ढोबळमानाने सांगायचं तर त्या तारखेपर्यंत औषधाचा किमान 90 टक्के अंश शाबूत राहील असा हिशोब असतो. काही औषधांना मर्यादा याहून कडक. पॅकिंग फोडलं, किंवा घर 40 अंशांवर गेलं, की तो हिशोब आपल्याला लागू राहत नाही.

उष्णतेचा ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की औषध विघटन पावायचा वेग दुप्पट ते चौपट होतो. प्रत्येक रसायनाचा आकडा वेगळा, पण दिशा हीच. पत्र्याच्या घरात एप्रिलच्या दुपारी छताजवळच्या फळीवर काय होत असेल, याचा अंदाज बांधायला एवढं पुरे. उन्हात उभ्या, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर 60 अंशांच्या वर पारा जातो.

याच्या उलट बाजूचा मेसेजही व्हॉट्सॲपवर फिरतो: एक्सपायरी म्हणजे कंपन्यांचा धंदा, गोळ्या दहा वर्षं चालतात. त्यामागे खरी माहिती आहे, पण अर्धवट. अमेरिकी सैन्याच्या साठ्यातली औषधं मुदत संपल्यावर पुन्हा तपासायचा कार्यक्रम 1986 पासून चालतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत 122 औषधांच्या 3,005 बॅच होत्या, आणि त्यातल्या 88 टक्क्यांना किमान एक वर्ष मुदतवाढ देता आली. पण तो सगळा माल मूळ सीलबंद पॅकिंगमध्ये, सांभाळलेल्या गोदामात होता, आणि मुदतवाढ दिली ती बॅचगणिक प्रयोगशाळेत तपासून. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या गॅसवरच्या फळीला गोदाम म्हणायची पद्धत नाही.

पहिले तीन प्रश्न

कुठलीही तक्रार आली की मी तीन गोष्टी विचारतो. औषध कुठं ठेवलं होतं? कधी उघडलं? आणि मूळ पाकिटातच होतं, की काढून दुसऱ्या डबीत भरलं होतं? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा सुनेकडे किंवा लेकाकडे बघितलं जातं. आईंना विसर पडतो म्हणून लेकानं महिनाभराच्या गोळ्या पाकिटातून काढून सकाळ-दुपार-संध्याकाळच्या प्लास्टिक डबीत भरून ठेवलेल्या असतात. काळजीपोटी केलेलं काम, पण काही गोळ्यांना तेच नडतं.

ओल: पाटणकडची तक्रार

‘साहेब, गोळीला पाणी सुटलंय.’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, फिटची गोळी आहे का? सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध हवेतलं पाणी इतकं ओढतं, की पाकिटातून काढून ठेवलेली गोळी पावसाळ्यात गूळ पाझरावा तशी चिकट, ओली होते. ती खायच्या वेळीच पाकिटातून काढायची. महिन्याच्या डबीत ती कधीच भरू नये. भरायचीच असेल तर पाकीट कापून, प्रत्येक गोळी तिच्या सीलबंद कप्प्यासकट भरावी. फिटच्या बाबतीत डोस कमी पडला तर परिणाम अंगणात पडूनच कळतो, म्हणून इथे तडजोड नको.

दुसरी याच जातीची गोळी म्हणजे ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलनेट एकत्र असलेली प्रतिजैविकाची. यातलं क्लॅव्ह्युलनेट ओलीला फार हळवं. म्हणून ती दोन्ही बाजूंनी जाड ॲल्युमिनियमच्या पाकिटात येते, काही कंपन्या आत ओल शोषणारी पुडीही टाकतात. बाहेर काढून ठेवलेली गोळी पिवळी-तपकिरी ठिपक्यांची झाली, फुगली, की टाकून द्यायची. बरेच डॉक्टर अजूनही कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देतात. तीन दिवसांसाठी दिलेली पुडी तीन दिवसांत संपवायची. ‘पुढच्या वेळी उपयोगी पडेल’ म्हणून ट्रंकेत ठेवायची नाही. तिच्यावर नाव नसतं, तारीख नसते आणि आडोसाही नसतो.

रक्त पातळ ठेवायला दिलेली ॲस्पिरिनची गोळी बिघडली की वासावरून कळते. तिला पाणी लागलं की ती फुटून सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक ॲसिड तयार होतं, आणि ॲसिटिक ॲसिड म्हणजेच व्हिनेगरचा आंबट वास. बाटली उघडताच तसा वास आला तर ती बाटली संपली. लोहाच्या गोळ्यांचं आवरण तडकलं की आतला हिरवट भाग हवेशी संयोग होऊन तांबूस होतो, तेही डोळ्यांना दिसतं.

कॅप्सूलची गंमत वेगळी. तिचं जिलेटिनचं कवच मुळातच 13 ते 16 टक्के पाणी धरून असतं. कोयनानगरला ते जादा पाणी पितं, मऊ होतं, कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. म्हसवडला तेच कवच मे महिन्यात पाणी गमावतं आणि दाबताच तडकतं. कंपनी तीच, बॅचही तीच असू शकते. चिकटलेल्या कॅप्सूल ओढून सुट्या करून खाऊ नका. ओल आणि उष्णता दोन्ही सोसलेलं कवच पोटात वेळेवर विरघळेलच असं नाही.

उपाय साधा आहे. औषधाची जागा म्हणजे झोपायच्या खोलीतलं मधल्या उंचीचं कपाट. न्हाणीघर, मोरी, चुलीशेजारचा कोनाडा आणि ओल धरणारी बाहेरची भिंत या चार जागा बाद. पाकिटं त्यांच्या खोक्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बाटलीत येणारी ओल शोषायची पांढरी पुडी फेकू नका, आणि लहान पोरांच्या हातीही लागू देऊ नका. गोळ्या ‘जास्त टिकाव्यात’ म्हणून फ्रीजमध्ये घालायचा प्रकार मात्र थांबवा. थंड बाटली दमट हवेत उघडली की गोळ्यांवर दव धरतं, म्हणजे ओल आपणच आत घातली. लेबलवर लिहिलं असेल तरच फ्रीज.

पाकीट कापून घेताना एक सवय लावून घ्या: तारीख आणि बॅच नंबर छापलेली बाजू शेवटपर्यंत राहू द्यायची. दुकानदारानं ती बाजू कापून दिली तर बदलून मागा, हक्कानं मागा.

इन्सुलिन: घेतलं तरी शुगर उतरत नाही

ही तक्रार सगळ्यात गुंतागुंतीची, कारण इथे दोष औषधाचाच असतो असं नाही. मी शोध उलट्या बाजूने सुरू करायला सांगतो.

आधी शुगर मोजायच्या पट्ट्या. त्यांच्यावर एन्झाइम असतं आणि ओल, उष्णता त्यालाही मारते. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, किंवा पट्ट्या सुट्या काढून पिशवीत टाकल्या, की आकडा खोटा यायला लागतो, कधी वर, कधी खाली. पाटणकडून पावसाळ्यात ‘इन्सुलिन खराब’ म्हणून आलेल्या लोकांना मी नवी, सीलबंद पट्टी लावून बघायला सांगतो, नाहीतर लॅबमध्ये एकदा रक्त तपासा म्हणतो. उघडलेली पट्ट्यांची डबी किती महिने चालते ते डबीवर लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख तिथेच पेनाने लिहावी.

मग टोचायची जागा. पोटावर त्याच त्या ठिकाणी वर्षानुवर्षं सुई टोचली की तिथे गाठ धरते, आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. हात फिरवून बघा. मग ताप, जखम, दातदुखी, लग्नसराईतलं जेवण. एवढं करून कारण सापडलं नाही, तर मग बाटलीकडे बघायचं.

पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं असं इन्सुलिन गढूळ झालं, तर ते गेलं. दुधट दिसणारं इन्सुलिन, म्हणजे आपल्याकडे खूप जण घेतात ते 30/70, दोन तळव्यांत हलकेच फिरवल्यावर एकसारखं दुधट व्हायला हवं. फिरवूनही तळाशी गठ्ठे राहिले, किंवा बाटलीच्या काचेला आतून पांढरे कण धरले, तर वापरायचं नाही. पण लक्षात ठेवा, दिसायला चांगलं असलं म्हणजे ताकद शाबूत आहे असं नव्हे. उष्णतेनं कमजोर झालेलं इन्सुलिन डोळ्यांना काहीच सांगत नाही.

माण-खटावकडे उष्णतेची भीती सगळ्यांना असते. गोठण्याची कुणालाच नसते. माझ्या अनुभवात गोठलेलं इन्सुलिन जास्त सापडतं. एक दाराचे फ्रीज असतात ना, त्यात फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये, नाहीतर मागच्या भिंतीला टेकवून बाटली ठेवली जाते. रात्री बर्फ धरतो, सकाळी वितळतो, कुणाला पत्ता लागत नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नीट दिसलं तरी वापरायचं नाही. न उघडलेल्या बाटल्या मधल्या कप्प्यात, भिंतीपासून लांब, छोट्या डब्यात. दुकानातून नेतानाही बर्फाच्या पिशवीत बाटली थेट बुडवू नका. वर्तमानपत्राची जाड घडी मध्ये हवी.

चालू बाटलीला फ्रीज लागतोच असं नाही. बहुतेक इन्सुलिनची उघडलेली बाटली किंवा पेनची काडतूस 30 अंशांखाली चार आठवड्यांपर्यंत चालते. नेमके दिवस आपल्या ब्रँडच्या पत्रकात बघा आणि उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. बाटलीत औषध उरलं म्हणून दोन महिने ओढू नका. आणि लोडशेडिंगमध्ये एक दुपार फ्रीज बंद राहिला म्हणून घाबरून सगळा साठा फेकूही नका. दार बंद ठेवलं की फ्रीज काही तास थंड राहतो.

फ्रीजच नसेल तर? इथे पूर्वेकडच्या माणसाला निसर्गाचीच मदत आहे. मातीच्या माठातून पाणी झिरपून वाळतं तेव्हा आतली उष्णता ओढून घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितका माठ गार. दहिवडीला एप्रिलमध्ये माठ उत्तम काम करतो. बाटली पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून माठात, किंवा एका कुंडीत दुसरी कुंडी आणि मध्ये ओली वाळू असं करून ठेवावी. सावलीत, वारा लागेल अशा जागी. यात 2 ते 8 अंश मिळत नाहीत, म्हणून चालू बाटलीपुरताच हा उपाय. तीन महिन्यांचा साठा करायचा नाही. पाटणला जुलैत हाच माठ फुकट, कारण हवाच पाण्याने भरलेली, वाळायला जागाच नाही. सुदैवाने तिथे तेव्हा गरजही कमी असते.

इन्सुलिनवर शंका आली म्हणून डोस बंद करायचा नाही, आणि मनानं वाढवायचा तर मुळीच नाही. नवी बाटली घ्या, डॉक्टरांना सांगा. जुनी बाटली कमजोर होती म्हणून वाढवलेला डोस नव्या, पूर्ण ताकदीच्या बाटलीतून घेतला तर शुगर एकदम खाली जाते. हा धोका लोकांच्या लक्षात येत नाही.

थायरॉईडची गोळी

डोस तोच, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा, वर गेलेला. इथेही आधी सवयी तपासा: गोळी उपाशीपोटी घेता का, लगेच वर चहा जातो का, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबतच घेता का. ते सगळं ठीक असेल तर बाटलीकडे या. या गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि ओल तिन्ही सोसत नाहीत, आणि आपल्याकडे ती शंभराच्या आसपास गोळ्यांच्या बाटलीत येते. म्हणजे तीन-चार महिने रोज पहाटे झाकण उघडायचं, तेही स्वयंपाकघरात, कारण पाण्याचा तांब्या तिथे. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, त्यामुळे थोडी घटही जाणवते. याच कारणाने अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 मध्ये या गोळीची मर्यादा कडक केली: तारीख संपेपर्यंत लेबलवरच्या डोसच्या 95 ते 105 टक्के औषध गोळीत हवं. डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी त्यांना बाटली कुठं असते ते सांगा.

मुलांचं पातळ औषध

कोरड्या पावडरीत पाणी घालून बनवायचं प्रतिजैविक पावडर असताना दीड-दोन वर्षं टिकतं आणि पाणी घातलं की दिवसांवर येतं. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटचं पातळ औषध फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं. बाटलीवरची 2027 ची तारीख पावडरीची आहे, पातळ औषधाची नव्हे. मागच्या महिन्यातलं उरलेलं, पिवळट-तपकिरी झालेलं औषध ‘तेच दुखणं आहे’ म्हणून धाकट्याला पाजणारे पालक दर पावसाळ्यात भेटतात. पाणी उकळून पूर्ण गार केलेलंच घाला. गरम पाण्यानं पहिल्याच दिवशी नुकसान होतं. बाटलीवर पाणी घातल्याची तारीख लिहा.

ओआरएसची पुडी दगडासारखी झाली, तपकिरी पडली, तर टाका. जुन्या काळच्या पुडीत खायचा सोडा असायचा आणि दमट हवेत तो ग्लुकोजसोबत बिघडून पावडर तपकिरी व्हायची. म्हणूनच 1980 च्या दशकात त्याजागी सायट्रेट आलं. आजची पुडी जास्त टिकते, पण फाटलेली पुडी अजूनही नाही.

आणखी थोडं, भराभर

जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी तिच्या मूळ पाकिटात किंवा बाटलीतच ठेवा. नायट्रोग्लिसरीन असेल तर काचेच्या बाटलीत, कापसाशिवाय. ते उडून जातं आणि प्लास्टिक-कापूस ते शोषतात. शर्टाच्या खिशात अंगाच्या उबेला वर्षभर फिरवलेल्या गोळीवर जीव सोपवू नये. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण चार आठवडे, मग औषध उरलं तरी बाटली फेकायची, कारण इथे जंतूंचा प्रश्न असतो. रक्तदाबाच्या निफेडिपीनसारख्या गोळ्या लालसर किंवा तपकिरी आवरणात येतात ते शोभेसाठी नसतं, उजेड त्यांना फोडतो. दम्याच्या मशीनमध्ये घालायच्या पावडरीच्या कॅप्सूल आदल्या रात्री मशीनमध्ये भरून ठेवू नका. ओल्या हवेत पावडर गोळा होते आणि फुप्फुसांपर्यंत पोचत नाही. फवाऱ्याचा पंप उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

पुराचं पाणी शिरलेल्या घरातलं सगळं औषध टाकायचं, 2019 ला कृष्णाकाठी हे शेकडो घरांत करावं लागलं. पाकीट वरून धुऊन पुसून कोरडं झालं तरी फॉईलला बारीक भोकं पडलेली असू शकतात, आणि पाणी कसलं होतं ते आपण बघितलेलंच असतं.

बिघडलेलं औषध खाल्लं तर बहुतेक वेळा फक्त गुण येत नाही. पण अपवाद आहेत. 1963 मध्ये खराब झालेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले. ॲसिडिटीवरच्या रॅनिटिडिनमध्ये साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, एनडीएमए नावाचा घातक घटक वाढतो असं दिसल्यावर अमेरिकेत एप्रिल 2020 मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं, आणि भारताच्या 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळलं गेलं.

वाटेत बिघडलेलं

खानापूर-आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली घरं देशभर पसरलेली. लेक चेन्नईला, आई-वडील गावाकडे, आणि औषधं खासगी बसच्या ड्रायव्हरजवळ पाठवलेली. केबिनमध्ये पुढच्या काचेखाली, इंजिनाच्या उबेला. साध्या गोळ्या त्यातून निभावतात. इन्सुलिन, 2 ते 8 अंशांची इंजेक्शनं, गुदद्वारातून द्यायच्या मेणासारख्या गोळ्या अशा पाठवू नका. गावाजवळच्या दुकानात फोन करून मागवा, पैसे तिकडून पाठवा. पोलिओच्या लशीच्या बाटलीवर उष्णता लागली की गडद होत जाणारा चौकोन असतो, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाला पोचला की लस बाद. आपल्या पार्सलवर असं काही नसतं.

आता उरला खरोखर कंपनीचा किंवा दुकानाचा दोष. नवं पाकीट, समोर फोडलं, आणि गोळी आधीच डागाळलेली. किंवा एकाच बॅचच्या दोन-तीन जणांच्या तक्रारी. किंवा फ्रीजमधलं औषध दुकानदारानं काउंटरवरच्या बरणीशेजारून काढून दिलं. अशा वेळी ते खाऊ नका, फेकूही नका. पाकीट, खोकं आणि बिल तिन्ही जपून ठेवा, बॅच नंबरचा फोटो काढा. दुकानदाराला बदलून मागा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या. तिथले औषध निरीक्षक दुकानातून त्याच बॅचचा नमुना घेऊन तपासणीला पाठवू शकतात. औषध घेऊन त्रास झाला किंवा गुणच आला नाही, तर त्याची नोंद 1800-180-3024 या टोल फ्री क्रमांकावरही करता येते. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून पाच रुपये सवलतीपायी बिलावर पाणी सोडू नका.